न सुजलेली जखम

पट्टी सुटली आणि डॉ. अदितीचा पारा चढला. विळा लागून एकवीस दिवस झाले, तरी पायाची जखम काल झाल्यासारखी. ना सूज, ना लाली, ना ऊब. तळ मात्र काळा पडत चाललेला.

सर्जन म्हणाले होते, "सोमवारी पाय कापू. कारण सापडलं तरच थांबेन." आज शनिवार होता. साखर जेमतेम वाढलेली, पायात रक्त नीट पोचत होतं. मग घोडं अडलं कुठं? अदितीला स्वतःचाच राग येत होता.

दवाखान्याच्या खाटेवर कुही गावच्या जिजाबाई, गोल गरगरीत चेहऱ्याच्या, तिसरी पोळी खात होत्या.

"घरी पट्टी कोण बदलायचं?"

"मी," सून काजल पुटपुटली.

"हिनंच पाय सडवला," सासरे चंपतराव तडकले. "हात धूत नसंन."

काजलचे डोळे भरले. अदितीला तो आरोप पटेना. घाणीनं जखम चिडते. ही तर चिडलीच नव्हती.

"विळा कधी लागला?"

"रोवणी झाल्यावर, शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापताना," जिजाबाई म्हणाल्या. "औंदा पंधरा दिवस धान रोवलं मी. मागच्या साली तं गुडघ्यापायी उठता येत नव्हतं."

"औषध कोणतं घेतलं?"

"काईच नाही. गोळी मले उतरतच नाही."

"सकाळी पोटात पहिलं काय जातं?"

"यांच्या हातचा चहा. दोन महिने झाले, हेच करून देतेत."

"इथंही मामाजी थर्मासले हात लावू देत नाही," काजल सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "परवा ते गावाले गेले, तं मी चहा आणला. त्या दिवशी आत्याबाईचे गुडघे लई ठणकले."

चंपतरावांचा हात नकळत खिशाकडे गेला. अदितीनं हात पुढं केला. "चंपतराव, खिशात काय आहे?"

चंपतरावांनी पुड्या बाहेर काढल्या. "बाजारातल्या वैदूच्या हायेत, गुडघ्यासाठी. चहात टाकतो."

"यात स्टेरॉइड असणार, तपासून घेतेच," अदिती म्हणाली. "पेशी फाटल्या की आतला ऐवज सांडतो. शेजारच्या राखणदार पेशी तो ओळखतात आणि हाक देतात. रक्तवाहिन्या सैल होतात, मदतीच्या पेशी धावून येतात. म्हणून सूज, म्हणून ऊब. त्या साफसफाई करतात, मगच नवं मांस भरतं. या पुडीनं गुडघ्याची सूज घालवली आणि जखमेची हाकही दाबली. चेहरा फुगला, भूक वाढली, तेही त्यानंच. काजलचे हात स्वच्छ होते, चंपतराव. हे काम तुमचं."

"गुडघ्यापायी हिचं रडणं पाहवत नव्हतं, मॅडम."

"माहं रडणं पाहवत नव्हतं," जिजाबाईंनी विचारलं, "का रोवणीले बाई भेटत नव्हती?"

चंपतरावांनी थर्मास उचलून खाटेखाली सरकवला.

पुडीच्या तपासणीत स्टेरॉइड निघालं. सर्जनांनी कुरकुरत आठवडा दिला. औषध एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून अदितीनं ते मोजून मापून कमी करत आणलं. सहाव्या दिवशी जखमेच्या कडा लाल झाल्या, सुजल्या. काजल घाबरून धावत आली.

"दुखतंय का?" अदितीनं जिजाबाईंना विचारलं.

"लई दुखून राहिलं!"

आठवड्यात पहिल्यांदाच अदिती हसली. पाय वाचणार होता.

दारात चंपतराव थर्मास घेऊन उभे होते. जिजाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काजल," त्या म्हणाल्या, "चहा तू आण वं."