एका अक्षराची जागा

मी मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं एकाच छापखान्यात, खिडकीजवळच्या एकाच टेबलावर. ‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून मला ठेवलंय, असं मी लेकीला सांगते. ती म्हणते, “आई, ते काम आता कॉम्प्युटर करतो.” कॉम्प्युटरला आपण काय वाचतोय ते कळत नाही. मला कळतं, असा माझा समज होता.

बाईंचं पुस्तक माझ्याकडे आलं गेल्या वर्षी सप्टेंबरात. बाई आदिवासी कवयित्री, आणि छायाचित्रकारही. जन्म डोंगरातल्या वस्तीवर. निवासी शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की हातावर छडी बसायची. सोळाव्या वर्षी त्या एका स्टुडिओत प्रिंट धुवायला लागल्या. मालकाने टाकून दिलेला कॅमेरा त्यांनी दुरुस्त करून घेतला आणि आपल्या माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. फोटो वाळला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने, त्याच घरच्या भाषेत, कविता. पुस्तकात असे एकशे चाळीस फोटो होते. शेजारी कविता आणि खाली त्यांच्या भाचीने केलेलं मराठी.

मूळ ओळीही मीच तपासणार होते, म्हणून भाषेची तोंडओळख करून घ्यायला बाईंकडे गेले. बंद पडलेल्या त्याच स्टुडिओच्या वर त्यांच्या दोन खोल्या. मोरीत डेव्हलपरच्या बाटल्या आणि दोरीवर चिमटे.

“आमच्या क्रियापदाला शेपटी असते,” बाई म्हणाल्या. “माणूस हयात असेल तर ‘मे’. गेला असेल तर ‘मो’. एकाहून जास्त असले की पुढे ‘क’ लावायचा. मेक, मोक. बाकी क्रियापद तसंच राहतं. झालं व्याकरण. आता चहा घ्या.”

तिसऱ्या आठवड्यात मला चूक सापडली. फोटोत शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई, हातात पळी, तोंडभर हसू. पाठीवर तारीख नऊ मार्चची आणि ओळ, ‘हसते-मो’. समासात प्रश्नचिन्ह टाकून मी बाईंकडे गेले.

“चूक नाही ती,” बाई म्हणाल्या.

“पण फोटो काढला त्याच आठवड्यात लिहिलंय. तेव्हा तर त्या होत्या ना?”

“होती. जूनमध्ये गेली.”

“म्हणजे नंतर बदललंत?”

“नाही.” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. “लिहिताना मला कळत नाही ताई. हात लिहितो, मग मी वाचते.”

मी चिकट आहे. सगळी पानं पुन्हा काढली, भाचीकडून तारखा घेतल्या. हयात माणसाला ‘मो’ लागलेले फोटो अकरा होते आणि अकराही माणसं वर्षाच्या आत गेली होती. सगळी काही म्हातारी नव्हती. एक बावीस वर्षांचा ट्रक चालवणारा होता.

“तुमच्या समाजात असं काही...” मी चाचपडत विचारलं.

“समाजाला मध्ये आणू नका,” बाई ताडकन म्हणाल्या. “माझ्या आईला असलं काही नव्हतं, आजीलाही नव्हतं. वस्तीत मलाच वेडी म्हणायचे. प्रस्तावनेत कुणी ‘आदिवासींच्या गूढ श्रद्धा’ वगैरे लिहिलं, तर पुस्तक परत घेईन. हे माझं एकटीचं आहे.”

अकरावा फोटो त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता, भाचीच्या आईचा. त्यानंतर बावीस वर्षं बाईंनी माणसाचा फोटो काढला नाही. रिकाम्या खुर्च्या, उंबरे, वाळत घातलेले कपडे, धुऊन पालथी ठेवलेली ताटं. समीक्षकांनी त्यावर लेख लिहिले. ‘अनुपस्थितीची कवयित्री’ म्हणून सत्कारही झाला.

“मी नुसती घाबरले होते हो,” बाई म्हणाल्या. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तिथे थांबायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी त्यांना समजावत बसले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. ज्यांना ‘मे’ लागलं त्यातलेही कितीतरी गेलेच असतील, त्यांची कोण नोंद ठेवतं? शेवटी म्हटलं, “बाई, एकदा काढूनच बघा. आमचा मायलेकींचा काढा.”

लेक मला न्यायला आली होती. ती खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. “काढा ना आजी,” ती म्हणाली, “आईचा एकही फोटो धड नाही. सगळ्यात परीक्षेला बसल्यासारखी दिसते.”

बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“कुणीतरी असं म्हणावं म्हणूनच थांबले होते मी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कॅमेरा काढला. मी लेकीशेजारी बसले. दुपारचं ऊन आम्हा दोघींच्या अंगावर होतं. तारीख वीस नोव्हेंबर.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, “आला का फोटो?”

“छान आला.”

“आणि शेपटी?”

“मे.” बाई बशीकडे बघत होत्या. “मेच आहे, ताई. शपथ घेते हवं तर.”

“मग दाखवा की.”

“पुस्तक होऊ दे.”

मी जिंकल्यासारखी घरी गेले. एप्रिलमध्ये पुस्तक आलं. जूनमध्ये एका दुपारी बाई झोपेतच गेल्या. फोटोचं मी विसरूनही गेले होते.

काल भाची छापखान्यात आली. हातात खाकी पाकीट.

“मावशीने तुमच्यासाठी ठेवलं होतं. वर्ष उलटल्याशिवाय द्यायचं नाही असं बजावलं होतं तिने. पण मी आता गाव सोडतेय, कुठे सांभाळत बसू?”

“कधीपासून वर्ष?”

“वीस नोव्हेंबर म्हणाली होती. महिनाच राहिलाय की.”

ती गेल्यावर मी पाकीट उघडलं. फोटो खरंच छान होता. लेक हसताना डोळे मिटते, तशीच आली होती. मी चक्क परीक्षेला बसल्यासारखी दिसत नव्हते. मग पाठ उलटली.

‘खिडकीपाशी बसली-मे, ऊन अंगावर घेऊन.’

मे. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात लेकीचा फोन आला, पाचला न्यायला येते म्हणून. “ये बाळा,” म्हटलं. बाळा मी तिला एरवी म्हणत नाही. ती हसली.

कुठलीही ओळ मी दोनदा वाचते. सवय आहे.

फोटोत आम्ही दोघी होतो.

‘मेक’ हवं होतं.

वय झालं होतं बाईंचं, नजर अधू होती, एक अक्षर राहून गेलं. अशी हजार अक्षरं मी लोकांची भरून दिली आहेत. मी स्वतःला हे सांगितलं, तीनदा सांगितलं.

मग एकच मनात आलं. दोघींतली राहणारी लेक असू दे. जाणारी मी असू दे. देवाबिवाला न मानणारी मी हे कुणाला सांगत होते, कोण जाणे.

पेन्सिल घेतली. ‘मे’च्या पुढे ‘क’ काढायला गेले.

उमटेना.

तिथे कागद खरबरीत लागला. मी तो खिडकीकडे धरला.

बाईंनी लिहिलेल्या एकशे चाळीस पाठी मी पाहिल्या होत्या. खाडाखोड कुठेच नव्हती. इथे ‘क’च्या खुणा एकावर एक दिसत होत्या, किती ते मोजता येईना. प्रत्येक बाईंनी लिहिलेला होता आणि प्रत्येक त्यांच्याच हाताने खोडलेला होता. त्या एका अक्षराएवढ्या जागेत कागद इतका घासला गेला होता, की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.