मागची एक

आभाच्या आत्या ना तुम्ही? या, इथे तिच्याजवळ बसा. तुमच्या वसुंधरावहिनी दोन रात्रींच्या जागरणाने आत आडव्या झाल्यात, त्यांना झोपू द्या. मी सुनंदा, मुलांच्या शाळेच्या व्हॅनवर मावशी म्हणून जाते. फोनवर तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण या पोरीला राखायचं तर सगळं माहीत हवं. दिवा लावते आणि पहिल्यापासून सांगते. तिच्यासमोरच सांगते, कारण तिला यातलं काही ऐकू जाणार नाही. का, ते ओघात येईल.

काम माझं साधं. पनवेलच्या शाळेतून पावणेएकला बारा मुलं उचलायची आणि तळोज्याच्या नव्या इमारतींत दारोदार सोडायची. बाळू गाडी चालवतो. मी दप्तरं लावते, भांडणं सोडवते, उलटी होणाऱ्याला लिंबू हुंगवते. गाडी हलण्याआधी मोजणीही माझीच. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजते. एकदा नुसत्या नजरेने मोजलं आणि पहिलीतलं एक पोर सीटखाली झोपलेलं राहून गेलं, तेव्हापासून हात ठेवल्याशिवाय आकडा पुढे नेत नाही. नववीतली घोडी केस विस्कटतात म्हणून कुरकुरायची, पण डोकं पुढे करायची.

त्यातच वल्लरी होती. आभाच्याच वर्गात, आभाच्याच शेजारी बसायची. दोघींना एकमेकींशिवाय करमायचं नाही. वल्लरीचे आईवडील दोघंही मुंबईला नोकरीला, रात्री आठला परतायचे. दुपारी दोनपासून आठपर्यंत ती घरात एकटी, आणि बोलायला एक आभा.

आता माझं पाप ऐका. एका सोमवारी मी बाळूला हसत हसत म्हणाले की आपली वल्लरी मोठी झाली हो, परवा एस्टी स्टँडसमोरच्या दवाखान्यातून एका बाप्याबरोबर निघाली आणि त्याच्या बाईकवर बसून गेली. बोलायला काही तरी हवं म्हणून बोलले, दुसरं काही नाही. आमच्या मागच्याच सीटवर गाडीतला एक मुलगा, देवेश, बसला होता. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट प्रत्येक फोनमध्ये पोचली आणि पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. दवाखाना कसला, बाप्या कोण, सगळं मुलांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं. गाडीतल्याच कोमलने वल्लरीचा फोटो घेऊन त्यावर मोठं पोट चिकटवलं आणि तो सगळ्यांना पाठवला.

पंधरा दिवसांनी वल्लरीची आई मला सहज बोलता बोलता म्हणाली, की हिचा मामा पेणहून येऊन हिला रक्त तपासायला घेऊन गेला, नाहीतर आम्हाला कुठली सुट्टी. मला सगळं कळलं. तरी मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर आधीचं कोण बोललं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग काम गेलं असतं.

एके दिवशी तिच्या दप्तरात बाळाची दुधाची बाटली निघाली. ती घेऊन ती माझ्याकडे आली. “मावशी, ही कोणाची आहे, विचाराल का?” एवढंच म्हणाली. मी बाटली खिडकीतून भिरकावली आणि तिला जागेवर बसायला सांगितलं. पण जागा राहिलीच कुठे होती? आभाने जागा बदलली होती. ती घाबरली होती, तिला नावं ठेवू नका. मग मम्म्यांच्या ग्रुपवर मेसेज आले, की आमच्या मुलींना तिच्याशेजारी बसवू नका. मी वाद नको म्हणून वल्लरीला मागच्या दाराशी, दप्तरांच्या ढिगात, त्या घडीच्या एकट्या सीटवर बसवलं. तिथवर माझा हात पोचत नाही. अकरा डोक्यांना हात लावायचा आणि मागे न बघता म्हणायचं, “आणि मागची एक.” दोन महिने मी त्या पोरीला तसंच मोजलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी वल्लरीने जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. त्याची चर्चा फार झाली, आणि ती चर्चा करणारे आधी तिला नावं ठेवणारेच होते.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मी अकरा डोकी मोजली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “आणि मागची एक.” मग मागे ती घडीची सीट धाडकन उघडली. तिची स्प्रिंग कडक आहे, माणूस बसल्याशिवाय ती खाली राहत नाही. त्या दिवशी ती तळोज्यापर्यंत खालीच राहिली. पोरं पुढे बघत बसली, कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. शेवटचं पोर उतरल्यावर बाळू स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, “सुनंदाताई, आमी वीस वरसं गाडी चालवतो. अकरा पोरांचं वजन आमाला कळतं… हे अकराचं नाय.”

दुसऱ्या दिवशी मी ओठ दाबून मोजलं. तरी जीभ आपोआप वळली आणि ते शब्द निघालेच.

तिसऱ्या दिवशी तळोज्याच्या वेशीवर कारखान्यांचा तो वास नाकात भरला, कुजक्या अंड्यासारखा, आणि त्याच वेळी देवेशचं डोकं कोणीतरी मागे खेचावं तसं मागे गेलं. मग पुढच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. कपाळाची कातडी फाटून भुवईवर लोंबत होती. त्याचा एक दात सीटच्या रेक्झिनमध्ये रुतून बसला होता, तो मी नंतर चिमट्याने काढला. भर दुपार, लख्ख ऊन, आणि त्याच्या मागे कोणीही नव्हतं. टाके घालताना तो एकच सांगत राहिला, की मागून केस धरले.

बाळूने गाडी तपासली, लिंबू-मिरची बांधली. मी मालकाला सांगितलं, त्याने मला विश्रांती घ्यायला सांगितलं. पण मुलांना न्यायचं तर होतंच. दोन दिवसांनी कोमल किंचाळली. तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मागे वळत होती. मी तिचं मनगट धरून ठेवलं, माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं मोडली. गवारीच्या शेंगा मोडताना होतो तेवढाच आवाज, त्याहून मोठा नाही.

घाबरलेली माणसं खापर कोणावर तरी फोडतात. मुलांनी ते आभावर फोडलं. ती वल्लरीची मैत्रीण, तिच्याच अंगात वल्लरी येते, तीच हे करवते. पुन्हा ग्रुप, पुन्हा फोटो, पुन्हा मम्म्यांचे मेसेज की त्या मुलीला वेगळं बसवा. आणि आत्याबाई, मी काय केलं असेल? मी आभाचं दप्तर उचललं, माझ्या ह्याच हातांनी ती घडीची सीट उघडली आणि तिला तिथे बसवलं. एवढं होऊन मला अक्कल आली नव्हती.

आभाला मागे बसवल्याच्या चौथ्या दिवशी तळोज्याच्या पुलाखाली ट्रक आडवा झाला आणि गाडी अडकली. बाळू पुढे काय झालंय बघायला उतरला. आधी एक पाण्याची बाटली मागे भिरकावली गेली. मग दुसरी. प्रितेश म्हणून सातवीतला शांत मुलगा आहे, त्याने कंपास पेटीतून करकटक काढलं. बघता बघता पोरं सीटवरून मागे चढली आणि आभावर तुटून पडली. स्टीलच्या बाटल्या डोक्यात, टाचा पोटात, केसांचा एक पुंजका मुळासकट हातात. पट्टी बांधलेला देवेशसुद्धा मारत होता. मारणारी पोरंच रडत होती. आभा रडत नव्हती. तिने चेहरा माझ्याकडे केला होता, आणि ती दुधाची बाटली घेऊन आलेल्या वल्लरीचा चेहरा होता ना, अगदी तोच.

मी सीटवरून चढून आभावर पालथी पडले. करकटक माझ्या पाठीत दोनदा शिरलं. मी ओरडून सांगितलं, “बाईकवर तिचा मामा होता. मी बघितलं, मीच बोलले. मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले. हिला सोडा. मला मारा.”

पोरं थांबली. आणि तेव्हा माझ्या तोंडात बोटं शिरली.

थंडगार, ओली बोटं. दात उचकटून त्यांनी जीभ मुळापाशी धरली आणि ओढली. मी चावले तर माझीच जीभ चावली गेली. दोन दाढा आतून निखळल्या, तोंड रक्ताने भरलं, श्वास कोंडला. जिभेला सहा टाके आहेत, म्हणून माझे शब्द असे जड येतात. मला वाटलं, आता उपटली जाणार, आणि खरं सांगते, मला ते योग्यच वाटलं. एवढ्यात माझ्याखालून आभा हळूच म्हणाली, “वल्लू… सोड ना त्यांना.”

बोटं निघाली. मग मी पाहिलं, आभाच्या दोन्ही कानांवरचे केस चपटे झाले, कोणी तळवे ठेवून दाबावेत तसे. आभाने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी आराम दिसला.

त्यानंतर मुलांच्या अंगाला काही झालं नाही. मी वल्लरीच्या आईकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती ऐकून घेऊन आत निघून गेली, दार लावायलाही थांबली नाही. देवेश आभाची माफी मागून गेला, कोमल प्लास्टरचा हात घेऊन आली. मम्म्याही येतात, डबे आणतात. आता कोणी आभाला वाकडं बोलत नाही. पण त्या दिवसापासून आभाला त्यांचं वाकडंही ऐकू येत नाही आणि चांगलंही नाही. आईचं नाही, तुमच्या भावाचं, सत्यजीतदादांचं नाही. कानाचे डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत. केस मात्र अजून तसेच चपटे बसलेले आहेत, बघा. कितीही विंचरा.

मला आधी वाटलं होतं, वल्लरी हिला जपतेय. वाईट शब्द कानावर पडू नयेत म्हणून कान झाकतेय. पण एकटं पडलेलं पोर एकटंच असतं, मेल्यावरही. तिला सोबत हवी आहे. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आहेत आणि निक्षून सांगितलंय, की हिला क्षणभर एकटं सोडू नका, ऐको न ऐको, हिच्याशी बोलत राहा. त्यांना बाकीचं ठाऊक नाही, पण सांगितलं ते बरोबर सांगितलं. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. वहिनी, दादा, बाळूची बायको, मी. मी बोलतच असते, भाजीपासून पावसापर्यंत काहीही. मी एकदा गप्प बसले होते, आता बसणार नाही.

काल मात्र माझी पाळी संपत आली होती. दादा जिन्यात आले असं वाटलं, म्हणून दार उघडायला मी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. आभाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या पलीकडे, पलंगाच्या रिकाम्या कडेकडे वळली आणि कुजबुजली, “थांब… उठतायत त्या.”

मी तिथेच बसले. तिचं मनगट घट्ट धरलं आणि दादा किल्लीने दार उघडून आत येईपर्यंत सोडलं नाही. आभा बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिली, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग मान हलवून म्हणाली, “बरं. उद्या.”

हे कालचं, म्हणजे तिचं ‘उद्या’ आजच. म्हणून तुम्हाला तातडीने बोलावून घेतलं. धरा, हा तिचा हात धरा. आणि काहीही बोला तिच्याशी.