खालच्या आळीचा नळ

"थांब! बायकांना पँट घालून सभेत जाता येत नाही."

कगोत्लाच्या, म्हणजे गावसभेच्या आवाराच्या कुंपणापाशी आडव्या आलेल्या त्या उंच पोराकडे बोनोलोने असं रोखून पाहिलं, की दुसरा कुणी असता तर निमूट बाजूला झाला असता. हा मेला चक्क हसला! ओत्सिले त्याचं नाव. गावचे पंप दुरुस्त करायचा.

"सलूनमधलं काम टाकून थेट आलेय मी. सरक!"

"माझ्यावर का डाफरतेस? रीत मी नाही काढली... थांब, आत्याची शाल आणतो."

शाल आणली, तर तिच्या कमरेभोवती ती नीट बसेना. दोघांची बोटं एकमेकांत अडकली आणि बोनोलोचा संताप आणखीच वाढला. कारण छातीत धडधडायला लागलं होतं, आणि आज धडधड परवडणारी नव्हती.

मागच्या सभेत चार शब्दांतच तिची बोबडी वळली होती. सगळे पोट धरधरून हसले होते. तेव्हापासून पाच महिने ती रोज शेळ्यांपुढे उभी राहून बोलत होती. खालच्या आळीचा नळ कोरडा पडलेला, आई नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी भरत होती. गावाला नवा नळ एकच मिळणार होता, आणि गावप्रमुखाचे काका तो आपल्या दारूच्या दुकानाकडे ओढायला टपले होते.

"मागच्या वेळी मीही हसलो होतो," ओत्सिले हळूच म्हणाला.

"माहितीये! सगळ्यात मोठ्याने तूच हसलास!"

"चुकलंच माझं... खरंच."

ती शाल सावरत आत शिरली.

बोलायला उभी राहिली तसे काका खेकसले, "बस खाली, पोरी. मोठी माणसं बोलताहेत."

"बसणार नाही, काका! तुमच्या गिऱ्हाइकांना तहान लागते, आणि माझ्या आईला लागत नाही? कंबर मोडलीये तिची. या उद्या पहाटे, खणा तिच्याबरोबर, आणि मग सांगा नळ कुठे हवा ते!"

आवाज कापला, पण थांबला नाही. मागच्या रांगेतून म्हाताऱ्यांनी 'पाऊस पडो'चा जयघोष केला, "पुला! पुला!" बघता बघता सगळी सभा ओरडू लागली. गावप्रमुखाने हात वर केला. नळ खालच्या आळीला!

लोक आपापल्या खुर्च्या मिटून निघाले. ओत्सिले समोर येऊन उभा राहिला. "बोनोलो, मला... म्हणजे तुला... मी काय म्हणतो..."

"अरे, अख्ख्या गावापुढे बोलले मी! तुला एका पोरीपुढे बोलता येईना?"

मग तो इतक्या मोठ्याने बोलला, की निघालेले लोक जागीच थबकले.

"तू मला आवडतेस! मामांना मागणी घालायला पाठवू का?"

बोनोलोचे कान तापले. राग अजून होताच, पण तो नक्की कुणावर, ते तिचं तिलाच कळेना.

"आधी नळ बसव," ती म्हणाली. "आईची पहिली बादली भरली, की त्याच दिवशी पाठव."