पहाऱ्यातला गळा

राज्यात अकरा वर्षांत एकाही माणसाचा घसा बसला नव्हता. मास्तर दिवसभर शिकवायचे, भाजीवाल्या बाजार उठेपर्यंत हाका द्यायच्या, आणि संध्याकाळी सगळ्यांचे गळे लोण्यासारखे. ही करामत कंठपालाची. मसुराएवढी चकती, गळ्याच्या घाटीशेजारी कातडीखाली बसवलेली. घशात दोन स्वरपट्ट्या असतात. बाई गाते तेव्हा त्या सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. रेटून गायलं की त्यांना घट्टे पडतात, कुदळ धरणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. धोका दिसला की कंठपाल बारीकशी वीज सोडून गळा सैल करतो. ज्यांचं पोट आवाजावर, त्यांना तो सक्तीचा होता. बाकीच्यांनी फुकट मिळतो म्हणून बसवून घेतला. फुकटाचं काय विचारायचं असतं!

शाहीर यमुना आवळे दवाखान्यात शिरली ती बसलीच नाही.

"काढा हे," ती म्हणाली. सोबत तिचा दीर गुणवंत होता, तिच्या फडातला झीलकरी. शाहिराची ओळ जिथं संपते तिथून ती उचलून लांबवायची, हे झीलकऱ्याचं काम.

डॉक्टर मृणाल देवस्थळींनी समोरच्या पडद्यावर तिचा आलेख उघडला. "यमुनाबाई, वय त्रेपन्न आणि स्वरपट्ट्या विशीतल्या. कशाला काढता?"

"ते तुमच्या चकतीमुळं न्हाई. दम पोटातनं घ्यायचा, जबडा ढिला सोडायचा, आन् वरची टीप गाठली की ओळ भावजींकडं फेकायची. ते झील धरत्यात तवर माझा गळा इसावा खातो. आमच्यात हे पोरीबाळींना ठावं असतंय."

आलेख तेच सांगत होता. दर अर्ध्या मिनिटाला दहा सेकंद विश्रांती. डॉक्टरांनी असा शहाणा गळा पाहिला नव्हता.

"मग त्रास काय आहे?"

"गेल्या सोमवारी गायरानाची सुनावणी झाली. आमची नव्वद घरं हायती तिथं, ती उठवायचीत सरकारला. हरकत तोंडीच घ्यायची, असा कायदा. मी पोवाडा लावला, साहेबाचं नाव घिऊन. रागानं अंग कापत हुतं, आन् गळ्यातनं काय निघालं? अंगाई! साहेबानं मान डोलवली, बाई. टाळ्या वाजवल्या मुडद्यानं!"

"आन् कागदावर लिवलं," गुणवंत म्हणाला, "विरोध दिसून आला नाही."

"उद्या शेवटची सुनावणी हाय. उद्या गप ऱ्हायलो तर घरं गेली."

डॉक्टरांनी सोमवारची नोंद काढली. आपटणं मर्यादेत होतं, तरी कंठपालानं एकोणीस वेळा गळा सैल केला होता. त्यांनी आलेख मागं नेला, पुढं आणला. मग खुर्ची सरकवून बसल्या.

"हे यंत्र स्वतः शिकत जातं," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळ्यात जास्त इजा ओरडण्यानं होते, हे ते पहिल्याच वर्षी शिकलं. ओरडण्याआधी माणूस चिडतो, आणि चिडला की शब्द फुटायच्या आधीच गळा आवळतो. यंत्र तो आवळच सोडवतं. म्हणजे..."

"म्हंजे राग पोटात ऱ्हातो आन् तोंडातनं साखर पडती."

"आम्हाला वाटलं, लोक समाधानी झालेत. तसे अहवाल पाठवले आम्ही."

"वा! राज्याचा गळा धरला आन् वर अहवाल!"

ही दुरुत्तरंसुद्धा यमुनेच्या तोंडून मधाळ निघत होती. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई आभार मानतेय.

चकती काढून घ्यायचा हक्क कायद्यात होता, शेवटच्या पानावर. आजवर कुणी मागितला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं, "अकरा वर्षांत गळ्याला जोराची सवय राहिली नाही. उद्या रेटलात तर पट्टी फाटेल. कायमची."

"फाटू दे. गळा जपायचा तो कशासाठी? कपाटात ठेवायला?"

जागेपुरती भूल देऊन चकती काढायला दहा मिनिटं लागली. यमुना उठली, दोन घोट कोमट पाणी प्याली आणि टीप लावली. आवाज चिरका, खरखरीत, करवतीसारखा. बाहेर बसलेले रुग्ण उभे राहिले. एका मास्तरणीनं कान झाकले. दोघं तर चपला सोडून जिन्याकडं पळाले. रागावलेला माणूस कसा ऐकू येतो, हे ती सगळी माणसं विसरून गेली होती.

यमुनेनं ओळ फेकली. गुणवंतानं छाती भरून ती झेलली, मान ताठ केली, शिरा फुगवल्या. झील निघाली ती पाळणा हलवल्यासारखी. फडातली ओळ जमिनीवर पडली.

एकटी गायली तर तिचा गळा उद्या दुपारपर्यंतही टिकणार नव्हता. हे तिघांनाही कळलं.

"भावजी, झोपा टेबलावर."

"एका दिवसात दुसरी काढायची मला परवानगी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माझी नोकरी जाईल, यमुनाबाई. निघा तुम्ही."

"न्हाई निघत. वरडा माझ्यावर. हाकला. बघू."

डॉक्टरांचं तोंड लाल झालं. अकरा वर्षांचे अहवाल, सह्या, सत्कार, सगळं छातीत उसळून आलं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि जीव खाऊन ओरडल्या.

"बसा ना," दवाखान्यात त्यांचाच गोड आवाज घुमला. "चहा घेणार का?"