थांबा ठाऊक नसलेली पाखरं

आश्विन सरत आला होता. सकाळी साडेसहालाच यशोदा मयेकर दुर्बीण गळ्यात अडकवून कड्यावर उभ्या होत्या. चहाचा थर्मास मात्र घरीच राहिला होता, आणि त्या काही थर्मास विसरणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष फोनवरच्या एका ठिपक्यावर होतं. त्याचं नाव सतरा.

सतरा हा सुतारपक्षी. त्याच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी लाल दिशाटिकली चिकटवलेली होती. पाखरू कुठे आहे हे ती सांगेच, पण त्याला कुठल्या दिशेची ओढ लागली आहे, हेही आदल्या दिवशीच कळवी. काल संध्याकाळी तिनं कळवलं होतं, पश्चिम. पश्चिमेला नुसता समुद्र.

थंडीआधी पूर्वेकडून येणारे सुतारपक्षी किनारा दिसला की थांबत. गावचे सुतार तर कुठे जातच नसत. पोस्टातून निवृत्त झालेल्या यशोदाबाईंनी हौसेनं या पाहुण्या पाखरांसाठी लाकडी ढोल्या टांगल्या. काही पाहुणे उन्हाळ्यातही राहिले आणि त्यांची नि गावच्या सुतारांची मिश्र पिल्लं झाली. बापाकडून त्यांना निघायची ओढ मिळाली. थांबायचं कुठे, ते मिळालं नाही. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. गेल्या वर्षी अकरा ठिपके पाण्यावर विझले. ते आपल्यामुळे, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

म्हणून आज मच्छीमार इब्राहिम परकार होडी घेऊन समुद्रात सात मैल आत जाऊन थांबले होते. होडीत मधोमध नारळाचं वाळकं खोड उभं बांधलं होतं. बंदरावर सगळे हसले होते.

सतरा कड्यावरून झोके घेत गेला आणि पाण्यावर पोचला. यशोदाबाईंनी वायरलेस उचलला.

"इब्राहिमभाई, निघाला."

"येऊ द्या, बाई. मी हाय इथं," वायरलेसवर आवाज आला.

वीस मिनिटांनी ठिपका होडीपाशी थांबला. विझला नाही.

"बसला?"

वायरलेस खरखरला.

"बसला. पण बाई, सगळ्या पिल्लांना टिकल्या लावल्यात ना तुम्ही?"

"माझ्या ढोल्यांतल्या सगळ्यांना."

"मग ही कुणाची? बिनटिकलीची नऊ बसलीत खोडावर. अजून येतायत. जागा नाय म्हणून दोन पाण्यात पडली."

यशोदाबाईंनी दुर्बीण मागे वळवली. पलीकडच्या डोंगरावर त्यांची एकही ढोली नव्हती. तशीच पाखरं तिथूनही समुद्राकडे निघत होती.

"बाई," इब्राहिमभाई म्हणाले, "माझ्याकडं खोड एकच हाय. उद्या किती होड्या आणू?"