तळं कुठल्या बाजूला होतं?

भूशोधन मंडळाचं पहिलं स्मृतिपदक संध्याकाळी पाच वाजता भाऊंच्या सोबत्याला देण्यात आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, भाऊंच्या पत्नीचे डोळे पाणावले. चिटणिसांनी हे सगळं इतिवृत्तात सकाळीच लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते घडलंच नाही असं धरून आपण साडेतीनला सुरुवात करू; कारण साडेतीनला पेटीत पदक नव्हतं.

मावशीला बोलावणं गेलं. मावशी खासगी गुप्तहेर. भाचा तिची पिशवी धरायचा. चाळिशी उलटली तरी त्याला बढती मिळाली नव्हती.

"चोर सराईत दिसतोय," पेटीत डोकावून तो म्हणाला.

"सराईत चोर पदकाची सोन्याची साखळी पेटीतच ठेवून चांदीचं पदक नेतो होय रे?"

भाच्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

अज्ञात तळं शोधायला गेलेले भाऊ सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या नावाचं पदक त्यांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, मंडळाच्या मागे लागून सुरू करवलं होतं.

"शेवटचे तीन दिवस त्यांच्यासोबत गेलेले भावजी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तळ्याकाठी बसले होते," वहिनी म्हणाल्या. "ते एकटे नव्हते, या एका गोष्टीवर मी उभी आहे. पदक आज भावजींना मिळालंच पाहिजे."

त्यांनी भिंतीवरच्या चौकटीवरचं कापड उचललं. शोधपथकाला भाऊंच्या खिशात सापडलेलं पेन्सिलचं चित्र. डावीकडे सुळका, उजवीकडे तळं. खाली भाऊंचं अक्षर: 'या कातळाला टेकलोय. बाकी कुठे बसायला जागाच नाही.'

"हे पदकाचा साचा कोरणाऱ्याशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. आज तीन वाजता आणून लावलं."

साचा कोरणारा घाम पुसत होता. "चौकट आजच आणायची होती का?"

"पदकावरची अक्षरं सुरेख आहेत म्हणे," मावशी म्हणाली.

"पस्तीस वर्षं कोरतोय, बाई. साच्यात उलटं, तेव्हा पदकावर सुलटं. सकाळी सगळ्यांनी वाखाणलं. चिटणिसांनी तर स्वतःचं नाव दोनदा वाचलं."

"तक्रार लेखी द्या," आतल्या खोलीत चिटणीस म्हणाले. "इथे लेखी अर्जाशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाही." त्यांच्या कागदांवर वजन म्हणून शिशाची चकती होती, त्याच साच्यातून काढलेला पदकाचा नमुना.

चार वाजता सोबती आला. त्याने चकती उचलली आणि त्याचा आवाज जड झाला. "हेच ते. कातळाला पाठ, डाव्या हाताला तळं, उजवीकडे सुळका. अजून डोळे मिटले की दिसतं."

भाच्याने पिशवीतला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. मावशीने फक्त चकती मागून घेतली आणि सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"पदक तुमच्या खिशात आहे," ती साचा कोरणाऱ्याला म्हणाली. "अक्षरं तुम्ही सवयीने उलटी कोरलीत. चित्र मात्र कागदावर होतं तसंच साच्यावर उतरवलंत. मग पदकावर ते उलटं आलं. आज चौकट शेजारी लागली आणि तुमचा धीर सुटला. चोराला चांदी नको होती. त्याला चूक लपवायची होती."

त्याने मुकाट्याने पदक काढून दिलं.

"एवढंच ना?" चिटणीस खुलले. "मग कार्यक्रम पाचलाच!"

मावशी खुर्चीवर बसली. तिने बसून कधी चांगली बातमी सांगितल्याचं भाच्याला आठवत नव्हतं.

"भाऊंना त्या कातळावरून तळं उजवीकडे दिसलं. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. मग त्याच कातळाला तीन दिवस टेकून बसलेल्या माणसाला ते डावीकडे कसं दिसलं?"

भाच्याच्या हातून पिशवी पडली.

"माझे पाय सुजले होते," सोबती अखेर म्हणाला. "मी पायथ्यालाच थांबलो. पुढे भाऊ एकटेच गेले. परतल्यावर वहिनींनी पहिलंच विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? मी म्हणालो, मी."

वहिनींनी चौकटीवरच्या कापडाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक.

चिटणिसांनी इतिवृत्त मिटलं. "वहिनी, मंडळ तुमच्यासाठी काय वाटेल ते करील. फक्त..." त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, पण जीभ सवयीच्या वळणावर गेली होती. "...लेखी अर्ज."

वहिनींनी तिथेच लिहिला. भाच्याने खांद्यावरून वाचला.

'मा. चिटणीस यांस. माझे पती सदर तळ्याकाठी एकटे होते. किती दिवस, हे कोणासही ठाऊक नाही. तरी तेवढ्या दिवसांपुरता त्यांच्याजवळ एक माणूस बसवण्याची तजवीज मंडळाने तातडीने करावी, ही नम्र विनंती.'