मनोऱ्यावरची काचपट्टी

टण्... टणण्... ण्ण्!

स्टीलचं झाकण ताईच्या हातातून निसटलं आणि रिकाम्या खोलीभर गरगरत फिरलं. आई, बाबा, धाकटी पिटुकली, सगळेच त्या झाकणाकडे बघत राहिले.

"राहू दे गं," आई खोक्यावरच टेकत म्हणाली. "दोन मिनिटं काही भरू नकोस. हात तुटले माझे."

सुट्टीत काय काय करायचं ठरवलं होतं ताईने, आणि भरत होती काय, तर डबे! त्यांच्या दोन खोल्या चर्चच्या जुन्या मनोऱ्याला टेकून होत्या. तिथली घंटा आधी आजोबा वाजवायचे, आता बाबा. मनोऱ्याच्या आतल्या भिंतीला एक जुना तडा होता. तो वाढतोय का हे कळावं म्हणून इंजिनिअर बाईंनी त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली, की काच फुटणार! गेल्या आठवड्यात ती फुटली. चर्चची डागडुजी बघणाऱ्या मुकादमाने बाईंना फोटो पाठवला, आणि लगोलग पत्र आलं, 'मनोरा उतरवा.' मनोऱ्याबरोबर खोल्याही जाणार होत्या. शनिवारी बाई सही करायला येणार.

ताई पाय ओढत चर्चमध्ये, मनोऱ्याच्या तळाशी गेली. शेजारची दोघं, लंबू आणि चष्मिश, तिथेच होती. भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात लंबू आडवा पसरला होता. चष्मिश बाकावर चढून तड्यावरच्या फुटक्या काचपट्टीला नाक लावून उभी होती.

"ताई, एक केस दे तुझा!"

"कशाला? आधीच गळतायत."

"दे गं! हे बघ, दोन तुकड्यांमध्ये केससुद्धा शिरत नाही. भिंत हलली असती तर फट नसती पडली? आणि मधे ही चांदणी बघ. काहीतरी आपटलंय इथे!"

"तुझं डोकं आपटलं असेल," लंबू म्हणाला.

"तुझंसुद्धा पोचत नाही इथवर, लंबोबा! मग पोचलं काय?"

त्याच दुपारी ताईने वाटीभर कणकेची खळ शिजवली. पतंगाच्या कागदाच्या पाच पट्ट्या त्यांनी जिन्यातून वरपर्यंत तड्यावर चिकटवल्या. रोज सकाळी एक्क्याण्णव पायऱ्या चढायच्या, पट्ट्या बघायच्या, उतरायचं. गुडघ्यांचा पार भुगा झाला, पण एकही पट्टी फाटली नाही.

मुकादमकाका मात्र हसले. "कागदाच्या जिवावर मनोरे उभे राहतात होय रे? जा, खेळा!"

शुक्रवारी ताई केर काढत होती. शेकडो वर्षांच्या पावलांनी तिथली फरशी तेल लावल्यासारखी गुळगुळीत झाली होती. खरखरीत असा एकच दगड होता. मनोरा बांधणारा गवंडी त्याखाली पुरला होता, त्याचं नाव त्यावर खोल कोरलेलं. आज त्या अक्षरांवर दोन ताजे पांढरे ओरखडे दिसले. ताईने मान वर केली. समोर फुटकी काच, आणि तिच्या वरच्या बाजूला भिंतीतला दिवा.

"अगं बाई! शिडी!"

शनिवारी बाई आल्या, फादर आले, सहीचा कागद आला. चष्मिश हळूच खांबामागे बटणाशी गेली. खट्!

"दिवा गेला!" पिटुकली ओरडली. "काका, बाईंना दिसणार कसं?"

"आत्ता बदलतो!" मुकादमाने शिडी आणली. इथे टेकवली, घसरली. तिथे टेकवली, घसरली. शेवटी सवयीने त्याने तिचे पाय त्या कोरीव अक्षरांत रोवले, आणि शिडीचं लोखंडी टोक... ठक्! बरोब्बर काचेवरच्या चांदणीत!

तेवढ्यात दिवा आपोआप लागला.

"अय्या, आला की!" चष्मिश म्हणाली.

बाईंनी चांदणी पाहिली, ओरखडे पाहिले. मग पाची पट्ट्या बघायला धापा टाकत वर गेल्या आणि खाली येऊन त्यांनी तो कागद फाडला.

"चूक माझी. फोटोवर विसंबले. आता नवी काच लावते, आणि लक्ष तुम्हीच ठेवायचं!"

"गेल्या वेळी दिवा बदलला तेव्हा असंच ठक् झालं होतं," मुकादम खाली मान घालून पुटपुटला. "मला वाटलं, भिंतच..."

फादरनी गवंड्याच्या कोरीव नावाकडे पाहिलं आणि चौघांच्या डोक्यांवर हात ठेवला. "त्याने बांधला, तुम्ही राखलात."

घरी येऊन आईने खोक्यातून पातेलं काढलं, त्यावर ते झाकण ठेवलं, आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. बाबांनी संध्याकाळची घंटा दिली. भिंत पाठीशी हलकेच घुमली.

पिटुकली ताईच्या मांडीवर पेंगत होती. "ताई," ती म्हणाली, "एवढी वर्षं मनोरा नुसता उभाच आहे. त्याला एकदा तरी खाली बसावंसं वाटत नसेल का गं?"

ताईने आईकडे पाहिलं. आईला झोप लागली होती.